बादलीखालचा काटा

टॅब्लेट बाबांनी सहन केला.
कुठल्या टेबलाला किती खाचापुरी,
बुधवारी दुपारी बाकं रिकामी का,
मार्शुत्का उशिरा येणार असली की मडकी कधी चढवायची...
"हे मला गुडघ्यांतून कळतं," म्हणाले,
आणि आलेखही बहुतेक तेच म्हणाला.
दोघांचं जमलं.
रिओनी नदीपलीकडे दुसरी शाखा काढायचं ठरलं,
कुताइसीची बँकही हो म्हणाली.

मग मी खरकट्याच्या बादलीखाली काटा ठेवला.

तीन आठवडे.
भाकर संपत होती, लोणचं संपत होतं,
लोबिओ परत येत होता.
बाबांचा लोबिओ, सदतीस वर्षांचा,
ज्याच्यासाठी वऱ्हाडं वाट वाकडी करून यायची,
मडक्यात अर्ध्यावर टाकलेला, दिवसाला अकरा किलो.
आणि पैसे देताना जो तो म्हणे,
"वा गुराम, हात तोच!"

आकडा मी दोन दिवस लपवला.
बादलीला कसली भीड.

तिसऱ्या रात्री, खुर्च्या टेबलांवर उलट्या,
बाबांनी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं,
मग भांडी घासणाऱ्या त्सिआलाच्या हातात चमचा दिला.
"खारट," ती म्हणाली. "चार वर्षं झाली.
मला वाटलं, तुम्हांला माहीत आहे."

बाबांनी स्वतः चाखला.
पुन्हा चाखला.
जीभ काहीच बोलली नाही.

सकाळी बादली जमिनीवर,
काटा धुऊन ओट्यावर,
त्यावर वाटी, वाटीत मीठ,
आणि शेजारी त्यांच्या तिरक्या अक्षरात:
मडक्यामागे सहा ग्रॅम.
पलीकडेही.