डाव्या बाजूचं बेअरिंग

उजवीकडचं सहज निघालं.
डावीकडचं बसून राहिलं,
मांडव सोडायला आले तरी
खुर्चीवरून न उठणाऱ्या पाहुण्यासारखं,
निघा म्हणायचीही सोय नाही.

दौलतगंजात तिन्ही दुकानांत विचारून झालं होतं.
"ये नंबर अब नहीं आता, दीदी,"
तिघांनीही कागदाकडे न बघता सांगितलं.
आधी तो कारखाना बंद पडला,
मग तो देशच नकाशावरून गेला.
उरलं होतं ते इथे, लष्करात,
लक्खी मिस्त्रीच्या बाकावर,
ॲल्युमिनियमच्या अर्ध्या खोक्यात रुतलेलं.

"ठोकू?" मी विचारलं.
लक्खीनं हातोडी माझ्या हातून घेतली
आणि मांडीखाली ठेवून दिली.
आतल्या कड्यावर मारलं तर मार गोळ्यांवर जातो,
गोळ्यांवरून बाहेरच्या कड्यावर,
आणि सुटून हातात आलं तरी
कामातून गेलेलं असतं.
त्याला एवढं बोलावं लागलं नाही.
"निकलेगा, मगर मरेगा."

चांगलं आहे का, हे काढल्याशिवाय कळत नाही.
काढल्यावर चांगलं राहील याची हमी नाही.
एजी ऑफिसात मी बावीस वर्षं हिशेब तपासते,
असली नोंद कुठल्या रकान्यात टाकतात
मला माहीत नाही.

शेवटी इलियासची बेकरी.
जिऱ्याचे टोस्ट निघाले की भट्टीत अर्धा तास जागा.
"मोबिल की बू आई तो कल का सारा माल आपका,"
म्हणत त्यानं लांब दांड्याच्या फळीवर
बाबांचं इंजिन आत सरकवलं.
बाहेर जानेवारी.
किल्ला सकाळपासून दिसला नव्हता.

थुंकीचा थेंब टाकून बघितला. नाचला.
गोणपाटाच्या तुकड्यांत धरून
खोकं पाटावर उलटं केलं.
काही नाही.
पुन्हा आत, पुन्हा बाहेर.
इलियासनं मैद्यावर ओलं फडकं टाकलं,
घड्याळ बघितलं, आम्हाला दिसेल असं.
तिसऱ्यांदा लक्खीनं खोक्यावर
लाकडाची मूठ एकदाच वाजवली,
ओळखीच्या दारावर वाजवतात तशी,
आणि टप्,
ते पडलं. आपल्याच वजनानं.

त्याच्यासोबत एक पट्टी पडली.
मऊ पत्र्याची, नखाएवढी रुंद,
बेअरिंगच्या कडेभोवती बसवलेली.
एका बाजूला हिरवा रंग, आणि अर्धा शब्द: "दातां".
"घर ढीला था," लक्खी म्हणाला.
"किसी ने भरती दी है."

किसी ने.
त्या गाडीला बाबांशिवाय हात लावायची कुणाची टाप नव्हती.
हेच बाबा,
शेजारच्या लघाट्यांच्या पंख्याला सुतळी दिसली तर
त्यांच्या दारात अर्धा तास उभे राहून
कामचलाऊ लोकांवर बोलायचे.
पट्टी मात्र मोजून कापलेली.
कडा अशा घासलेल्या
की बोटाला लागत नव्हत्या.

मी तिसरीत होते.
स्वयंपाकघरात वाटीभर टूथपेस्ट सापडली,
वर झाकण ठेवलेली,
आणि ट्यूब कुठेच नाही.
आई माझ्यावर ओरडली.
मी नाही म्हणत राहिले, रडत राहिले,
आणि बाबा पेपर वाचत राहिले.
पान उलटलं नव्हतं त्यांनी, हे आत्ता आठवतंय.
आठवडाभर आम्ही
वाटीत बोट बुडवून दात घासले.

लक्खीनं बेअरिंग रॉकेलमध्ये खळबळून घेतलं,
कानाशी धरून फिरवलं,
डोळे मिटून, फार वेळ.
"चलेगा."
मग पट्टीकडे बोट करून,
"नई काटूँ, या यही?"

ट्यूब आता प्लास्टिकची येते, मी म्हणाले.
तो हसला नाही.
पट्टी उचलून
त्याच रॉकेलात टाकली.