आधी पाणी, मग पान

शेनसाहेबानं डबा दिला
पत्र्याचा, मुठीएवढा, वर एक गोगलगाय.
मी जालन्याच्या एमआयडीसीत
तीन नंबर गेटासमोरचा मुंजाजी,
दिवसाला आठशे कप काढणारा माणूस,
झाकण उघडून बघितलं
तर आत पत्ती नव्हतीच,
म्हाताऱ्या मांजराच्या कानातली लव होती
हिरवीकरडी, वळलेली.

पहिल्या दिवशी मी तिचा खून केला.
दूध, साखर, आलं, तीन उकळ्या.
मुनीर क्रेनवाला एक घोट घेऊन म्हणला,
"मामू, ये तो भाजी धोयेला पानी है."
शेनसाहेब बाकड्यावर बसून होता.
हसला नाही, रागावलाही नाही.
उठला, जारचं पाणी उकळलं, काचेच्या ग्लासात ओतलं
आणि थांबला.
थांबला म्हणजे थांबलाच.
पाणी निवत होतं, गिऱ्हाईक बोंबलत होतं.
बोट बुडवता येईल पण ठेवता येणार नाही
इतकं झाल्यावर वरून चिमूट सोडली.
आपली पत्ती पाण्यात धिंगाणा घालते.
हे पान गपगार खाली गेलं,
बारवेत बाई पायरी पायरीनं उतरावी तसं.

त्याच्या फोनमधली बाई
त्याची भाषा गिळून अर्धीकच्ची हिंदी बाहेर टाकायची.
तिनं सांगितलं:
मोठ्या तळ्यातला डोंगर.
जर्दाळू, आलुबुखारा, त्यांच्या मधेमधे ही झुडपं.
फुलांचा वास पानात मुरतो म्हणे,
खरं-खोटं त्या तळ्याला माहीत.
एकदा पोरींच्या टोपल्या भरल्या, पानं उरली,
त्यांनी ती चोळीत खोचली.
अंगाच्या उबेनं पानं जागी झाली,
असा वास सुटला की पोरी किंचाळल्या,
"अगं बाई, मेले!"
तेच नाव पडलं. जीव घेणारा वास.
पुढं कधी राजा आला, त्याला नाव गावंढळ वाटलं,
त्यानं नवं दिलं. हिरव्या गोगलगाईचा वसंत.
मी म्हणलं, साहेब, आमच्याकडं पण
बोर्ड रंगवणाऱ्याला काम कमी पडत नाही.
बाईनं याचं काय केलं कोण जाणे,
तो पहिल्यांदा खदखदून हसला.

पुसातल्या एका रविवारी
गयाच्या माहेरी, बदनापूरच्या अलीकडं, हुरड्याला नेलं.
आगटीत कणसं खुपसली,
सासूनं हातावर चोळली, फुंकर मारली,
हिरवे दाणे त्याच्या ओंजळीत.
त्यानं खाल्ले नाहीत. हुंगले.
मग सासूचा हात धरला.
ती दचकली.
तळवा उलटा करून बघितला, काळा, खरबरीत.
बाई म्हणली, "मेरी माँ. कढ़ाई. हाथ. ऐसा ही."
त्याची आई तापल्या कढईत
उघड्या हातानं पान फिरवते, दाबते, वळते, सोडते.
हिरव्याला वेळेत आग दाखवावी लागते,
नाहीतर काळं पडतं.
माझी पत्ती त्यातलीच.
सासूला हे कुणी समजावलं नाही.
"जून झाल्यावर काय ऱ्हातं त्यात," म्हणली
आणि पुढचं कणीस ओढलं.

मशीन चालू झालं, साहेब गेला.
डब्याच्या तळाला अजून थोडं आहे.
विकत नाही.
कप दहा रुपयाला; थांबायचे पैसे कोण देतो?
रात्रपाळी सुटायच्या आधी कधी तरी
भट्टी बारीक करून एक ग्लास भरतो.
रोलिंग मिलचा लाल उजेड भिंतीवर हालत असतो.
लांब कुणाच्या शेतात
हावळा भाजत असावा, तेवढाच वास.
किंचाळावं असा काही नाही.

पण परवा गया धुणं भिजवता भिजवता थबकली,
माझा सदरा नाकाशी धरून उभी.
"खिशात काय व्हतं?"