कावीळ

तेलावीहून त्बिलिसी, मिनीबसनं दोन तास.
मांडीवर रुमालात गुंडाळलेली खाचापुरी
आणि खिशात पुतण्यानं, ओतारनं, लिहून दिलेली चिठ्ठी:
बत्तीस जीबी रॅम. दोन टेराबाइट एसएसडी.
ग्राफिक्स कार्ड वेगळं हवं, आत्या, वेगळं.
खाली दोनदा रेघ मारून:
दुकानदाराचं ऐकू नकोस.

दुकानदार वाझा. ऐकावंसं वाटेल असा आवाज.
त्यानं आधी पोपट दाखवला.
भिंतभर पडदे, सगळ्यांवर तोच पोपट,
इतका लाल की डोळ्यांत तिखट जावं.
म्हटलं, बाळा, आमच्याकडं पोपटांची लग्नं लागत नाहीत.
माझा पेनड्राइव्ह लाव.

पेनड्राइव्हवर एतेरीचं लग्न होतं,
गेल्या ऑक्टोबरातलं, द्राक्षं उतरवून झाल्यावरचं.
चार पडद्यांवर चार एतेरी.
एकीवर ती जरा आजारी, दुसरीवर जरा श्रीमंत,
तिसरीवर माझ्या थोरल्या बहिणीसारखी.
चौथा पडदा महागडा, बिनचकाकीचा.
वाझानं आधी त्याच्या कपाळावर एक काळी डबी टेकवली,
ताप बघावा तशी.
पाच मिनिटं नुसते रंग येत राहिले, जात राहिले.
डबी काढली,
आणि एतेरी निळी.

निळी म्हणजे फार नाही.
सायीखालच्या दुधाला असते तेवढी.
झग्यावर, दातांवर, नवऱ्याच्या कानांवर.
तीन पेले रिचवून लालबुंद झालेला गुराम
बर्फात उभं केल्यासारखा.

मी म्हटलं, पडदा बिघडलाय.
तो म्हणाला, आत्ताच तर तपासला तुमच्यासमोर.
मग आवाज उतरवून,
डॉक्टर विचारतात तसं,
घरचा किती वर्षांचा?

अकरा.

म्हणजे कावीळ त्याला झाली होती
आणि जग मला पिवळं दिसत होतं.
वर्षाला थोडीथोडी, शेजारणीचे केस पिकतात तशी,
रोज बघणाऱ्याला कळणार नाही इतकी.
आणि मी रोज रात्री, चहा गार होईस्तोवर,
माणसांच्या गालांवरचं पिवळं उतरवत बसले.
निळ्याचे दोन थेंब. पुढल्या वर्षी तीन.
मी त्यांना बरं करत होते.
ती बरीच होती.

पडदा चौथाच घेतला.
पैसे पुरेनात म्हणून रॅम सोळावर आणली,
डबी मात्र हट्टानं मागून घेतली.
ओतार ओरडेल. ओरडू दे.

परतीच्या बसमध्ये बोटं मोडत मोजलं:
दोनशेच्यावर लग्नं, बाप्तिस्मे वेगळे,
शाळेच्या शेवटच्या दिवशीचे सगळे घोळके,
पासपोर्ट. (सीमेवरचे शिपाई काय म्हणाले असतील!)
अख्खं गाव मी
भिंतीभिंतीवर गारठवून ठेवलंय.
अकरा वर्षांत एकानंही तक्रार केली नाही.
एतेरीची आई तर म्हणाली होती,
काय गं उजेड होता त्या दिवशी,
डोंगरावरून उतरलेला.

आणि मिखो.
चाळीस वर्षं पावाच्या भट्टीत वाकून
तोंड विटेच्या रंगाचं झालेला मिखो.
त्याच्या कबरीवरची तसबीर माझीच,
चिनी मातीवर भाजलेली, पुसता न येणारी.

रात्री पहिली फाइल त्याचीच उघडली.
लगेच उघडली; एवढी लगेच
की मी अजून चष्माच शोधत होते.
निळं मागं सारलं, जरासं, अजून जरासं,
आणि तो भट्टीतून नुकता वर आल्यासारखा
माझ्याकडं बघायला लागला.

सकाळी नवा प्रिंट घेऊन झुझुनाकडं गेले.
सगळं सांगितलं. पडदा, कावीळ, डबी.
तिला काही कळलं नाही, किंवा सगळंच कळलं.
पिठाचे हात एप्रनला पुसून तिनं फोटो
खिडकीशी नेला, बराच वेळ तिथंच.
मग म्हणाली, हा घरात लावते.
दगडावरचा राहू दे.
तिथं गारच असतं.