चौदाव्या सेकंदाला

अहमदपूरच्या मन्मथअप्पांनी हुरड्याचा व्हिडिओ टाकला.
गोवऱ्यांची आगटी, कणसं, राखेत फिरणारी बोटं.
सगळा मिळून एकोणतीस सेकंद,
आणि चौदाव्या सेकंदाला
मागं कुठंतरी
एक आवाज.

एवढं निमित्त पुरलं.

जिंतूरच्या मुंजाजीनं रात्री सव्वादोनला लिहिलं
(मोटारीची लाईट त्याला तेव्हाच मिळते,
आणि जागा माणूस मतं बाळगतो):
"टिटवी हाय. लिहून ठेवा."

सकाळी परभणीहून नुजहतबाजी, शिवणक्लासवाल्या:
"टिटवी कशाची? गडगडा आहे, बिनतेलाचा.
माझ्या माहेरी आडावर असाच रडायचा.
पाखरं बघितलीस का कधी, का नुसती मोटारच बघायलास?"

औशाच्या शिवकांताताई अंगणवाडीतून निवृत्त झाल्या,
हजेरी घेणं मात्र सुटलं नाही:
"दोघंही खाली बसा.
झोळीची कडी आहे ती, आढ्याला टांगलेली.
आत लेकरू आहे, आणि ते झोपलेलं नाही."

मी सेलूचा. मोबाइल दुरुस्तीचं दुकान.
मला तज्ज्ञ म्हणून साक्षीला बोलावलं.
मी आवाज वेगळा काढला, हळू केला,
हळू केल्यावर तो कुणाचाच राहिला नाही,
म्हशीनं ढेकर द्यावा तसा झाला.
"वा रे तज्ज्ञ!"
तेवढ्यावर तिघांचं एकमत.

अकरा दिवस.
मुंजाजीनं रानातली टिटवीची चार अंडी दाखवली,
खड्यांत ठेवलेले चार खडे.
बाजींनी भाचीला थेट माहेरच्या आडावर पाठवलं.
ताईंनी नातवाला झोळीत घातलं,
तो सहा वर्षांचा, पाय बाहेर लोंबत होते.
"हा पुरावा धरायचा का, बाजी?"
"आधी त्याला उतरवा, आढं खाली येईल."
"हरलो तर मिशी काढतो," मुंजाजी.
"आधी येऊ तर दे," बाजी.

आम्ही कुणी कुणाला भेटलेलो नाही.
बाजींच्या कात्रीचा आवाज मी ओळखतो,
ताईंच्या बांगड्या, मुंजाजीचे चिखलाचे बूट.

मग कुणाला तरी सुचलं,
अरे, अप्पांनाच विचारा की. ते होते तिथं.

दोन दिवसांनी अप्पांनी लिहिलं:
"मला ऐकू येत नाही. लहानपणी ताप आला होता.
तुमचं भांडण वाचून कळलं,
हुरडा भाजताना मागं काही वाजलं होतं.
कसं होतं, सांगता का?"

त्या रात्री मुंजाजीची लाईट आली असणार, गेली असणार.
कुणी काही बोललं नाही.

पहाटे बाजी:
"अप्पा, कोऱ्या कापडात कात्री शिरली की
बोटांना कळतं ना, तसं. फक्त वर वर जाणारं."
मुंजाजी:
"गार पाण्यात पाय घातला की
पोटरीतून वर चढतंय, ते."
ताई:
"हुरडा खाताना कूस टाळूला चिकटते बघा.
तसं. आणि लगेच सुटतं."
मी लिहिलं, टेबलावर फोन थरथरतो तसं,
पण एकदाच.

अप्पांचं उत्तर तासाभरानं आलं.
"कळलं.
टिटवी नाही. गडगडा नाही.
झोळी तर मुळीच नाही."

"न ऐकताच निकाल?" मुंजाजी उसळला.
"ऐकून तुम्ही काय दिवे लावले?"

झालं. पुन्हा पहिल्यापासून,
आता चौघं.

काल रात्री दुकान बंद करताना
शटर ओढलं, अर्ध्यावर आलं,
आणि मी थांबलो.
वर ढकललं. पुन्हा ओढलं.
तोच.
अहमदपूरच्या रानात शटर कुठलं आलं, पण तोच.

तेलाची कुपी हाताशी होती.
उचलली, परत ठेवली,
कुलूप लावलं.
कुणाला सांगितलेलं नाही.