एकास एक

वाशीला, सेक्टर सतरात, झेरॉक्सच्या दुकानावर
आमचं परकीय चलनाचं काउंटर होतं.
काच, काचेला खाली अर्धचंद्र,
मागे दरांचा फलक. रोज सकाळी
स्टुलावर चढून आकडे मीच बदलायची.

दिलावर मुकादम, तळोज्याचे, जहाजावर स्वयंपाकी,
त्यांनी अर्धचंद्रातून एक गोल डबी सरकवली.
आत चांदीचं नाणं. एका अंगाला मुकुटातली बाई,
दुसऱ्या अंगाला कासव, डोळ्यापुरता हिरवा मिना.
कासवाच्या पोटाखाली: दोन डॉलर.
"कुठलं?"
त्यांनी बेटाचं नाव सांगितलं. मी परत विचारलं.
तिसऱ्या वेळी त्यांनी ते पावतीच्या पाठीवर लिहून दिलं.

फलकावर ते नव्हतं. असायचं कारणही नव्हतं.
त्या बेटाचा डॉलर
एका मोठ्या देशाच्या डॉलरला बांधलेला, एकास एक.
तो चढला की हा चढतो, तो पडला की हा,
स्वतःहून उसासासुद्धा टाकत नाही.

मी हिशेब मांडला.
नाण्यावर लिहिलेत त्याचे एक्याण्णव रुपये.
वितळवलं तर अडीच तोळ्यांवर भरेल, बाराशे.
हौशी माणूस भेटला तर पाच हजार,
पण डबी उघडायची नाही, बोट लागता कामा नये.
आणि इथे शून्य, कारण आम्ही नाणी घेतच नाही.

"चार भाव सांगितलेत मॅडम," मुकादम म्हणाले,
"मला पोरीच्या फीपुरता एक चालला असता."
मग जरा थांबून: बेटावर उतरलो होतो दोन दिवस.
वाणसामानाच्या दुकानातल्या बाईला दाखवलं,
तिने हे जन्मात पाहिलं नव्हतं.
ठोकलेलं दुसऱ्या देशात, विकलेलं तिसऱ्यात.
पत्ता आहे, पण घरी कधी गेलेलं नाही.

मी पर्समधून तीन हजार काढले.
नियमात बसत नव्हतं.

रात्री शहाबाजला आबांपुढे डबी ठेवली.
आबा मिठागरावरचे. मिठागर रस्त्याखाली गेलं,
साडेबारा टक्क्यांच्या कागदावर त्यांचा अंगठा राहिला
आणि तळहाताला चिरा, पावसाळ्यातही न भरणाऱ्या.
बांधलेला डॉलर म्हणजे काय, ते मी समजावलं.
"मंजे होरी खुंट्याला बांदलेली."
"नाही आबा. तिथे खुंटाच पाण्यावर तरंगतो."
त्यांनी बराच वेळ विचार केला.
खाडीवरून आलेला वास घरात फिरून गेला.
"मंग दोगं व्हावत गेलं
तरी मधला आंतर तेवराच."

इतकी वर्षं मी दर लिहिले,
हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं.
मी पाणी आणायला उठले.
परत येते तो डबी उघडलेली,
नाणं आबांच्या चिमटीत, आणि ते त्याला
मिठाचा खडा पारखावा तसं
उजेडाकडे धरून अंगठ्याने चोळतायत.
"आबा!"
"काय झाला? पैसाच हाय ना?"

मी ओरडले नाही. ओरडले असेन थोडी.

आता काउंटर नाही, तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.
आबा नाहीत.
गेल्या महिन्यात ठाण्याला गेले, जांभळी नाक्याजवळ,
एका जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे.
त्याने डोळ्याला भिंग लावलं, नाणं फिरवलं,
कासवाच्या पाठीवर थांबला.
काळपट रेषा, एकात एक वळलेल्या,
मिठाने चांदीत घर केलेलं.
"अंगठा उमटलाय ताई. हा निघायचा नाही.
हात लागला नसता तर आठ हजार दिले असते.
आता चांदीचाच भाव."

मी विचारलं, "आणि नुसत्या अंगठ्याचे?"
तो हसला, त्याला वाटलं मी घासाघीस करतेय.
तेवढ्यात पैंजण मोडायला एक नवराबायको आली
आणि तो त्यांच्याकडे वळला.