ओ की पूज्य

ताहेराबींनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली
आणि वर बोट दाबून धरलं, उडू नये म्हणून.
पंखा बंदच होता. लाइट सकाळपासून नव्हती.
"गित्ते साहेब, एकोणीस दिवस झाले."

चिठ्ठी माझ्याच हातची.
भरणा-स्लिपच्या पाठीवर अकरा अक्षरं, निळ्या बॉलपेननं.
पहिली चार बँकेची, दोन देशाची,
दोन गावाची. गाव म्हणजे मुंबई.
शेवटची तीन शाखेची असतात,
पण उदगीरच्या शाखेला समुद्रापलीकडं कोण ओळखतं?
म्हणून तिथं तीन फुल्या,
पेपरात शिवी छापताना घालतात तशा.

मुदस्सिर सोहारला ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो,
दुसऱ्यांच्या घरांना.
त्याचा पैसा रात्रीतून कुठल्या कुठल्या बँकांच्या ओट्यावर टेकत
मुंबईला उतरतो,
तिथून इकडं;
लातूर रोडला गाडी बदलावी, तसं.
यावेळी उतरलाच नाही.

फोन लावला. स्पीकर चालू केला.
"वाच बाबा, एकेक अक्षर."
"बी बकरी का," तो वाचू लागला.
"आय इमली का. एन नांदेड का."
रांगेतला एकजण हसला.
सातव्या अक्षराला मुदस्सिर म्हणाला, "झीरो."

चिठ्ठी खिडकीकडं नेली.
तिथं ओ होता. मीच काढलेला.
बिनफटीचा, अंड्यासारखा गोल.
आमचे घुगे गुरुजी शून्याला शून्य म्हणू द्यायचे नाहीत.
एकावर पूज्य दहा, दोनावर पूज्य वीस.
वळण बिघडलं की छडी.
चाळीस वर्षं झाली, हात अजून पूज्यच काढतो.

"म्हंजे काय झालं ओ साहेब?"
म्हटलं, असं बघा,
मुदस्सिरनं तिकडून हाक मारली.
इथं ओ द्यायला अक्षर बसवलेलं होतं,
त्याच्या जागी पूज्य गेलं.
ओ कुणी दिलीच नाही.

"मग पैसे कुटं हायेत?"
"मधल्या एका बँकेत."
"तिथं कुणी वळखीचं?"
"नाही."

त्या जरा वेळ गप्प बसल्या.
मग म्हणाल्या, "उरसात हरवला होता हा. चार वर्साचा.
माईकवाला मुदब्बिर मुदब्बिर म्हणून पुकारत होता.
नाव चुकलेलं. तरी आलं की पोरगं,
हातात अर्धा पापड घिऊन."

मशीनला तेवढं जमत नाही, असं काहीतरी मी बोललो.

नवी चिठ्ठी लिहिली.
सातव्या अक्षराच्या डोक्यावर देवनागरीत ओ काढला,
काना, मात्रा, सगळं सांभाळून.
याला कोण पूज्य म्हणेल?
"पोरगा उर्दू शाळेतला ना तुमचा?"
"वाचतो की. येष्टीच्या पाट्यांवर शिकला."

मग पैसे परत शोधण्याचा अर्ज. तीन प्रती, दोन सह्या,
एक अंगठा मी नको म्हणत असताना.

त्या शोधाची फी त्याच पैशातून कापतात,
हे सांगायचं राहिलं.
तोवर ताहेराबी पायऱ्या उतरत होत्या,
एका हातानं कठडा धरून, दुसऱ्या मुठीत चिठ्ठी.
हाक मारली असती
तर ओ दिली असती त्यांनी.

मी पुढचं टोकन पुकारलं.