फॉल्ट रजिस्टर

काल दिवसभर फक्त फायली वेगळ्या केल्या.
आधी सगळं एकाच फायलीत होतं,
लिनक्स असेल तर हे, विंडोज असेल तर ते,
मॅक असेल तर आणखी तिसरंच,
डाळीत खडे असावेत तसे जर-तर.
आता प्रत्येकाला आपापली खोली दिली.
दारावर एकच पाटी:
नेटवर्क बदललं की सांग.
कसं कळलं, ते मी विचारणार नाही.

लिनक्स लगेच बोलून मोकळा होतो.
विंडोज एकच गोष्ट दोनदा सांगतो.
मॅक आधी विचार करतो, मग सांगतो.
आणि मोबाईल,
टॉवर बंद पडला तरी दोन दांड्या दाखवत
उधारी थकलेल्या गिऱ्हाइकासारखा हसतमुख.

अमळनेर. वैशाख. दुपारचे अडीच.
कूलरमध्ये दुसरी बादली ओतून झाली.
हे सगळं तपासायचं तर कुणीतरी तार काढायला हवी,
पुन्हा लावायला हवी, पुन्हा काढायला.
पुण्याच्या ऑफिसात त्यासाठी यंत्र आहे.
माझ्याकडे आप्पा आहेत.

दगाजी बोरसे, टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं लाईनमन.
उजव्या कानाने आता ऐकू येत नाही;
त्याच कानाला रिसीव्हर लावून
पारोळ्यापर्यंतच्या तारा त्यांनी ऐकल्या होत्या.
राउटरपाशी स्टूल टाकून बसलेत.
मी हात वर केला की काढायची,
खाली घेतला की लावायची.
मांडीवर वही, खात्यात असताना ठेवायचे तशीच:
वेळ, काढली, लावली, शेरा.

चाचणीत मी लिहिलं होतं, दोन सेकंद थांब.
कधी पास, कधी नापास, कारण कळेना.
आप्पा म्हणाले, घड्याळाकडे बघून काय थांबतेस,
घंटीची वाट बघ.
मी ती ओळ खोडली.
मग अकरा वेळा हिरवं.

बाराव्या वेळी माझा हात मांडीवरच होता.
"पोरी, तार काढी नि लाई बी दिन्ही मी.
तुन्हा मशीनले ठाऊकच नही."

खरंच. लॉग कोरा.
तार गेली, आली, पत्ता तोच मिळाला,
आणि माझ्या कोडने जुना पत्ता नव्याशी ताडून
सांगितलं, काही झालं नाही.
मधल्या क्षणी तुटलेल्या जोडण्या
पलीकडच्या टोकाला कुणी तरी अजून धरून बसलं होतं.

मी चौथीत होते तेव्हा
आप्पा चार महिने सुरतेला होते.
का, ते आमच्याकडे कुणी बोललं नाही.
एका पहाटे पॅसेंजरने परत आले,
सदरा त्याच खुंटीला अडकवला.
आईने कळण्याची भाकरी वाढली, ठेचा वाढला,
पाणी ठेवलं.
मी खाटेवर झोपेचं सोंग घेऊन
भांड्यांचे आवाज मोजत होते.
पत्ता तोच. काही झालं नाही.

पत्ता ताडायची अट काढून टाकली.
आता तार हलली की आकडा एकने वाढतो,
परत येणारा कोणीही असो.
नव्या चाचणीला लांबलचक नाव दिलं:
तोच पत्ता मिळाला तरी कळवावं.
ती कुणा एकाच्या खोलीत नाही,
वरच्या, सगळ्यांच्या सामाईक फायलीत ठेवली.
तिन्हीकडे हिरवी.
मोबाईल अजून लाल. त्याचं उद्या बघू.

वही हातात घेतली.
बाराव्या ओळीपुढे त्यांच्या तिरप्या अक्षरात शेरा:
ताबडतोब जोडली. तरी फॉल्ट होता.

मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकले.
"आप्पा, तेव्हा सुरतेला..."
बोलताना माझा हात वर गेला असावा.

त्यांनी तार काढली,
वेळ लिहिली,
आणि माझ्या हाताकडे बघत राहिले.